वरच्या कोंडीपासून सुरुवात: गावच्या नदीत पुन्हा पोहायला लागण्यासाठी काय काय करावं लागतं

आमचं तालुक्याचं गाव नदीच्या दोन्ही काठांना वसलेलं आहे. तरी गावातल्या चाळिशीच्या आतल्या, पोहता येणाऱ्या बायका मला बोटांवर मोजता येतील. माझी आई नवव्या वर्षी सुकलेला भोपळा कमरेला बांधून याच नदीत पोहायला शिकली. मी शाळेत शिकवत होते तेव्हा एकदा वर्गातल्या मुलींना विचारलं, तर तीसपैकी एकीनेही नदीत गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलेलं नव्हतं. मधल्या काळात घरोघरी नळ आले, धुणं घरात आलं, न्हाणीचं आणि संडासाचं पाणी गटारातून नदीला मिळालं, वाळू उपसून पात्रात खड्डे पडले. दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या नदीत सुट्टीला आलेला पोरगा बुडाल्याची बातमी येऊ लागली. मग आईबापांनी मुलांना नदीबद्दल एकच गोष्ट शिकवली, की तिकडे जायचं नाही.

पाच वर्षांपूर्वी आम्ही सात जणांनी हे बदलायला सुरुवात केली. आता हंगामात दर रविवारी सकाळी चाळीसेक माणसं पाण्यात असतात, त्यात निम्म्याहून जास्त मुली आणि बायका. आपल्या गावात असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी आमची पद्धत इथे सविस्तर लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. एकदा जागेचं नाव रीलवर गेलं की बाटल्या घेऊन गाड्या येतात, आणि हे कोकणातल्या कितीतरी धबधब्यांच्या वाट्याला आलेलं आहे. तुम्हीही जागा सांगू नका, पद्धत सांगा.

आमची पहिली चूक

आम्ही सुरुवात केली ती गावाच्या मधोमध असलेल्या विसर्जन घाटावर. स्वच्छता मोहीम काढली, बॅनर लावला, दोन ट्रॅक्टर कचरा उचलला, फोटो काढले आणि त्याच दिवशी आठ मुलांना पाण्यात उतरवलं. तीन आठवड्यांत घाट पुन्हा होता तसा झाला. त्या आठांपैकी दोघांच्या अंगाला खाज सुटली आणि एकाच्या कानात पू झाला. त्यांच्या आयांनी बाकीच्या आयांना सांगितलं. पुढचं वर्षभर आमच्याकडे कुणी मूल पाठवलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

गावातला घाट ही बहुतेक ठिकाणी नदीतली सगळ्यात घाण जागा असते, कारण गावातली निम्मी गटारं त्याच्या वरच्या अंगाला नदीला मिळालेली असतात. कार्यक्रमाला सोयीची, गाडी लागते, पायऱ्या आहेत, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. आमचा अनुभव सांगतो की गावाच्या वर जावं, पहिलं गटार नदीला मिळतं त्याच्याही वर, आणि तिथली एक कोंड, म्हणजे पात्रातला डोह, धरावी. तिथे पोहणारी माणसं तयार करावीत, आणि मग दर वर्षी-दोन वर्षांनी एक एक कोंड खाली, गावाकडे सरकावं. घाटाची पाळी सगळ्यात शेवटी.

नदी चालून बघा

पोहण्याचा विचार करण्याआधी पात्रातून चाला. एकदा डिसेंबरात आणि एकदा मार्चमध्ये, कारण या दोन महिन्यांतली कोकणातली नदी म्हणजे दोन वेगळ्या नद्या असतात. शाळेची एक वही घ्या आणि प्रत्येक पाइप, गटार, व्हाळ (ओढा), गुरं धुण्याची आणि गाड्या धुण्याची जागा, पंपाची जागा काढून ठेवा. बरोबर दोन जुनी माणसं हवीतच. एक मासे पकडणारा आणि एक धुणं धुणारी बाई. आम्ही एक कोंड जवळपास नक्की केली होती. पाणी स्वच्छ, काठाला पुळण, वर करंजाची सावली. काठावर गोधडी आपटत असलेल्या आजी म्हणाल्या, “बाये, हय नको. त्या काळ्या कातळाखाली पाणी फिरता.” आम्ही दगडाला दोरी बांधून सोडली तर कातळाखाली पोकळी निघाली. वरून काहीच दिसत नव्हतं.

वाळू उपशाचे खड्डे याहून वाईट. सक्शन पंपाने वाळू काढलेल्या ठिकाणी कमरभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की पुरुषभर पाणी लागतं, आणि खड्ड्याची कड पायाखालून सरकते. पोहता न येणारे बरेच जण असेच जातात. म्हणून ठरवलेल्या कोंडीचा तळ हात-हात अंतरावर बांबूने मोजा. खालून वर, काठाकडून मध्याकडे. वहीत आकडे लिहा. दर पावसाळ्यानंतर हे मोजमाप नव्याने करावं लागतं, कारण पुराने तळ बदलतो. मागच्या वर्षीच्या आकड्यांवर विसंबू नका.

चांगली कोंड म्हणजे एका काठाला उतरता, वाळूचा किंवा बारीक गोट्यांचा तळ. घोट्यापासून छातीपर्यंत हळूहळू वाढणारं पाणी. ओढ इतकी कमी की टाकलेलं पान माणसाच्या चालीपेक्षा सावकाश जावं. आणि रुग्णवाहिका जिथवर येते तिथून चालत पाच मिनिटांत पोचता येईल अशी जागा. शेवटची अट आम्ही कधीच सोडत नाही. तिच्यापायी दोन सुंदर कोंडी आम्ही नाकारल्या.

भरती, धरण आणि मगर

खाडीजवळच्या गावांना भरती बघावी लागते. जुने लोक तिथीची पाऊणपट करतात: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, चतुर्थीला तीनच्या सुमारास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब समुद्रकाठचा आहे. खाडीत जितकं आत जावं तितका उशीर होतो, तो तुमच्या जागी किती होतो हे चार-पाच वेळा काठावर काठी रोवून बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीची ओढ जोराची असते आणि ती माणसाला खाली, खाडीकडे नेते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी त्या मानाने शांत असतं. शिकाऊ मुलांना भरती संपत आल्यावर, पाणी थांबलेलं असताना उतरवावं. ओहोटी चालू असताना नाही.

वरच्या बाजूला धरण किंवा वीजघर असेल तर नदीची पातळी पावसाशिवायही वाढते. चिपळूणची वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती असते, कारण कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी तिला मिळतं. वीज किती लागते त्यावर पाणी कमी-जास्त होतं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं तेही वरच्या वीजघराने सकाळी सोडलेल्या पाण्यावर. अशा नदीकाठी राहत असाल तर जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयातून पाणी सोडण्याच्या वेळा विचारून घ्या, आणि काठावरच्या एका खडकावर रंगाने रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की सगळ्यांनी बाहेर, मग कुणी काहीही म्हणो.

मगरीबद्दल मी कुठलीही तडजोड मानत नाही. वाशिष्ठीत मगरी आहेत, महाडच्या सावित्रीत आहेत, बांद्याकडे तेरेखोलात आहेत. थंडीत सकाळी उन्हाला त्या पुळणीवर येऊन पडतात, ओल्या वाळूवर पोट घासल्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना पंजे उमटतात. कोळी आणि गुराखी यांना हे नेमकं माहीत असतं. तुमच्या पट्ट्यात मगर असेल तर तिथे पोहणं नाही. तिथे काठावरची पायवाट करा, पक्षी बघायला मुलं न्या, मगरी बघायला दुर्बीण घेऊन सुरक्षित उंचीवर बसा, आणि पोहण्यासाठी मगर नसलेला दुसरा पाणसाठा शोधा. गावातलं तळं, पायऱ्यांची मोठी विहीर, काहीही चालेल. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हुसकावणं हा गुन्हा आहे. नदी तिचीही आहे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फलकावर लिहून ठेवा.

पाणी तपासणं

पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं यावर जाऊ नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उघड्यावर आंघोळीच्या पाण्यासाठी मानकं ठरवलेली आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू ५०० पर्यंत असावेत, २,५०० च्या वर तर चालतच नाहीत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला निदान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३ पर्यंत, सामू (पीएच) साडेसहा ते साडेआठच्या मध्ये. मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात महाराष्ट्रातले ५३ होते, आणि कोकणातल्या वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका आणि पाताळगंगेचे पट्टे त्यांत होते. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असाल तर जंतूंच्या चाचणीने भागत नाही. रसायनं त्यात दिसत नाहीत. अशा ठिकाणी मी मुलांना पाण्यात उतरवणार नाही, कितीही चांगला आकडा आला तरी.

नमुना कसा घ्यायचा यावर निकाल ठरतो. बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून आणायची. काठावरून नाही, कोंडीच्या मध्यात जाऊन, बाटलीचं तोंड पाणी येतं त्या दिशेला करून, पृष्ठभागाखाली हातभर नेऊन भरायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. जंतूंचा निकाल यायला दोन ते चार दिवस लागतात. ग्रामपंचायतीकडे पिण्याच्या पाण्यासाठी एक छोटी बाटली असते, पाणी दूषित असेल तर ती काळी पडते. तिने नदी तपासू नका. नदीचं पाणी त्यात काळं होणारच, त्यावरून किती घाण आहे ते कळत नाही.

आम्ही हंगामात चार नमुने घेतो: त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, जानेवारीत, मार्चमध्ये आणि अवकाळी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी. या चौथ्या नमुन्याने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. वरची कोंड, जिचा जानेवारीचा आकडा उत्तम होता, ती पावसानंतर घसरली, कारण माळावरचं, गोठ्यांतलं आणि कडेला साचलेलं सगळं धुऊन नदीत आलं. त्या दिवसापासून नियम आहे. पाऊस पडला की पुढचे तीन दिवस पोहणं बंद. सिंधुदुर्गात लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. उंदरांच्या मुतातले जंतू पावसाच्या पाण्याबरोबर येतात आणि पायाच्या चिरेतून, जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून ज्याला उघडी जखम आहे तो त्या रविवारी काठावर बसतो. पोहून गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना “नदीत पोहलो होतो” हे आधी सांगायचं, हे आम्ही प्रत्येक घराला सांगितलेलं आहे.

पॅरिसने २०२५ च्या जुलैत सीन नदीत तीन ठिकाणी लोकांना पोहायला परवानगी दिली. तिथे १९२३ पासून बंदी होती. एवढा खर्च करूनही जोराचा पाऊस झाला की तिथली पोहण्याची ठिकाणं बंद होतात, आणि रोज काठावर रंगीत झेंडा लागतो. झेंडा आम्ही घेतला. जुन्या लुगड्याचा हिरवा आणि लाल तुकडा, बांबूला बांधलेला. मुलं शाळेत जाताना पुलावरून झेंडा बघतात आणि घरी सांगतात. फलकावरचा मजकूर कुणी वाचत नाही, झेंडा सगळे वाचतात.

आकड्यांइतकीच एक घरगुती चाचणी महत्त्वाची आहे. स्टीलचं ताट दोरीला बांधून छातीभर पाण्यात तळाला सोडा. वरून दिसलं नाही तर त्या दिवशी मुलं पाण्यात नाहीत, कारण एखादं मूल तळाशी गेलं तर तेही दिसणार नाही.

कुणाला विचारायचं

नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज, त्याची प्रत तहसीलदार, पोलिस ठाणे आणि जलसंपदा विभागाला. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयात सात महिने पडून राहिला. “नदीत जलक्रीडा” असे शब्द आम्ही लिहिले होते, आणि त्या शब्दांनी कुणालाही अपघाताची चौकशी डोळ्यांसमोर दिसते. दुसरा अर्ज आम्ही “मुलांना पोहणं शिकवणे आणि बुडण्यापासून बचाव” या विषयाने दिला. देशात २०२२ साली ३८ हजारांहून जास्त माणसं बुडून गेली, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत आहे, ते अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. २५ जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला बुडण्यापासून बचावाचा दिवस, त्या दिवशी अर्ज हातात दिला. पावसाळ्यात नदीवर काही करता येत नाही, पण कागद हलवता येतात, आणि त्रिपुरीपर्यंत उत्तर येतं.

बांधकाम मागू नका. सिमेंटचा घाट, पेव्हर ब्लॉक, छत्री, काही नाही. नदीकाठ पूररेषांच्या आत असतो: निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी कुठवर गेलं ते ज्याने पाहिलं तो पात्रात सिमेंट ओतायला सांगणार नाही. भरतीचं पाणी पोचतं त्या पट्ट्याला किनारा नियमन क्षेत्राचेही नियम लागतात. आमच्याकडे जे आहे ते मे अखेर उचलून नेता येतं: बांबू, दोर, ताडपत्री, एक लाकडी बाकडं.

कागदाआधी माणसांना विचारणं मात्र जास्त गरजेचं. वरच्या कोंडीवर सकाळी साडेनऊनंतर धुणंवाल्या येतात. त्यांची ती वेळ आहे, आम्ही त्याआधी उठतो. जाळी लावणाऱ्यांशी बोलून जाळ्यांची जागा ठरवून घेतली. दहाव्या-बाराव्याच्या विधीला लोक येतात, त्या दिवशी आम्ही जात नाही, कुणी सांगायची वाट न पाहता.

बायकांची वेळ

हा भाग बहुतेक ठिकाणी शेवटी सुचतो, म्हणून मुली येत नाहीत. आमच्याकडे रविवारी सात ते आठ फक्त बायका आणि मुली. त्या तासात वाचवणाऱ्याही बायकाच, शिकवणाऱ्याही. चार बांबू आणि ताडपत्रीची आडोशाची खोली आधी उभी राहते, मग झेंडा. मोबाइल पिशवीत, पिशवी बाकड्याखाली. पुलावर कुणी थांबून बघायला लागला तर आमच्यापैकी एक काकी तिथे जाऊन उभ्या राहतात. त्या काही बोलत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात, आणि माणूस जातो.

कपड्यांबद्दल स्पष्ट सांगावं लागतं. साडी, ओढणी, सैल सलवार पाण्यात पायांना गुंडाळते आणि पोहणारीलाही खाली ओढते. गडद रंगाची लेगिंग आणि अंगाबरोबर बसणारा टीशर्ट पुरतो. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही हे जिचं तिने ठरवावं, त्यावर कुणी बोलत नाही. आमच्याकडे शिकलेल्यांत सगळ्यात मोठ्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. उताणं तरंगायला आलं त्या दिवशी त्या बराच वेळ आभाळाकडे बघत पडून राहिल्या होत्या. हात लावून उठवावं लागलं.

राखणदार आणि वाचवणं

शिकाऊ पाच मुलांमागे एक जाणता, आणि काठावर किमान दोघे असे, जे पाण्यात उतरत नाहीत, गप्पा मारत नाहीत आणि फोन बघत नाहीत. त्यांची पाळी वीस मिनिटांची, नंतर नजर भरकटते. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. काठावर लांब बांबू, पन्नास मीटर नायलॉनचा दोर, फेकायला दोर बांधलेल्या दोन ट्यूब आणि लाइफ जॅकेटं. ट्यूब मोकळी सोडू नका, ओढीबरोबर ती मुलाला घेऊन जाते.

बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेला, डोळे काचेसारखे, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असल्यासारखे. काही क्षणांत खाली जातो. वाचवण्याचा क्रम मुलांकडूनही पाठ करून घ्या: काठावर आडवं पडून बांबू द्या, नाहीतर ट्यूब फेका. पाण्यात उडी सगळ्यात शेवटी, आणि ती फक्त शिकलेल्याने, तरंगणारं काहीतरी हातात घेऊन. एकाला वाचवायला गेलेले दोन भाऊ गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गरगर फिरवणं हे अजूनही गावोगाव केलं जातं. त्याने जीव जातो. श्वास चालू नसेल तर १०८ ला फोन, पाठीवर निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. गती मिनिटाला १०० ते १२०, दाब पाच-सहा सेंटीमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं. हे वाचून येत नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलवा, पुतळ्यावर शिका, दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा करा.

प्यायलेला माणूस पाण्यात नाही. तो कोण आहे, कुणाचा मेहुणा आहे, हे बघायचं नाही. फिट येणाऱ्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना डॉक्टरांच्या परवानगीनेच.

शिकवणं

घाई करू नका. आमच्याकडे पहिले दोन रविवार मुलं छातीभर पाण्यात उभी राहून तोंड बुडवतात आणि नाकातून बुडबुडे काढतात, एवढंच. तिसऱ्या रविवारी उताणं तरंगणं, डोक्याखाली शिकवणाऱ्याचा हात. हे आलं की निम्मं पोहणं आलं, कारण दमलेलं मूल उताणं होऊन श्वास घेऊ शकतं. मग पाय मारणं, मग हात. भोपळे आता सहज मिळत नाहीत, पण मिळाले तर सोडू नका. कमरेला दोन सुके भोपळे बांधलेलं मूल पाण्यात आडवं होतं, जॅकेट घातलेलं उभं राहतं. सूर आणि मुटके फक्त मोजलेल्या जागी, आणि तेही पोहणं पक्कं झाल्यावर. उथळ पाण्यात सूर मारून मान मोडते.

थोडं पोहता येऊ लागलेली मुलं सगळ्यात धोक्याची. त्यांना भीती गेलेली असते आणि दम आलेला नसतो. त्यांच्यासाठी पाण्यावर दोर आडवा बांधलेला आहे, त्याच्या पलीकडे जायचं तर आधी दोराच्या आत दहा वेळा न थांबता ये-जा करून दाखवावी लागते. चार वर्षांत दोन मुली मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेला गेल्या. बक्षीस मिळालं नाही. त्यांना पाहून पुढच्या रविवारी अकरा नवी मुलं आली.

बंधारा, आणि खाली सरकणं

मार्चनंतर कोंडीत पाणी कमी होतं. डिसेंबरात गावाने खालच्या अंगाला वनराई बंधारा घातला तर पाणी एप्रिलपर्यंत टिकतं, विहिरींनाही फायदा होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वाळू-माती, आणि एका सकाळचं श्रमदान. अट एकच: पाणी वाहतं राहिलं पाहिजे. बंधाऱ्यावरून पाणी सांडायचं थांबलं, शेवाळ धरलं, वास आला की त्या वर्षीचं पोहणं संपलं, मग तारीख कुठलीही असो.

तिसऱ्या वर्षी आम्ही दुसऱ्या कोंडीकडे बघायला लागलो. ती पहिलीपेक्षा गावाच्या जवळ, शाळेच्या मागे. तिला एकच गटार मिळत होतं, अकरा घरांचं. पहिल्या मोहिमेत याच घरांनी आम्हाला चहा दिला होता आणि गटार होतं तसंच ठेवलं होतं. या वेळी त्यांच्याकडे आम्ही गेलो नाही. वरच्या कोंडीत ज्यांची मुलं पोहत होती त्या आया गेल्या, आणि त्या अकरातल्या तीन घरांची मुलंही आमच्याकडे होती. दोन महिन्यांत नऊ घरांनी न्हाणी आणि मोरीच्या पाण्याला शोषखड्डे काढले. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान, मग खडी. विहिरीपासून दहा मीटरच्या आत नको, आणि जांभ्यात पाणी भराभर मुरत जातं म्हणून जितका लांब तितका बरा. संडासाच्या टाक्यांचं काम याहून अवघड निघालं. दोन घरांच्या टाकीचा पाइप थेट नदीत होता, त्यासाठी नगरपंचायतीच्या मागे लागून दीड वर्ष गेलं. त्या कोंडीतला आकडा मागच्या जानेवारीत पहिल्यांदा ५०० च्या खाली आला. अजून एका हंगामाचे चारही नमुने नीट आले की झेंडा तिकडे लावू. घाट अजून दूर आहे.

मे महिना

चाकरमानी येतात तेव्हा सगळे नियम पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागतात. मुंबईच्या जलतरण तलावात पोहणाऱ्या मुलाला वाटतं आपल्याला येतं, आणि त्याला नदीची ओढ, निसरडा कातळ, अचानक खोल होणारा तळ यातलं काही माहीत नसतं. एप्रिलच्या शेवटी आमची मुलं घरोघरी जाऊन सांगतात: पाहुणे येणार असतील तर रविवारी सकाळी आमच्याकडे घेऊन या, एकटे सोडू नका. मेमध्ये रविवारऐवजी रोज सकाळी राखण ठेवतो, दोन-दोन जणांची. या महिन्यात पाणी सगळ्यात कमी आणि धोका सगळ्यात जास्त असतो, कारण लोक पाणी शोधत खालच्या, अनोळखी, उपसलेल्या खड्ड्यांकडे जातात. त्या खड्ड्यांपाशी लाल झेंडा लावून ठेवा, तिथे पोहण्याची जागा नसली तरीही.

वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की हंगाम संपला. मृग लागायच्या आत दोर सोडा, बांबू आणि बाकडं वर शाळेच्या पडवीत नेऊन ठेवा, बंधाऱ्याच्या गोण्या उचला. त्या फुटून समुद्रात गेल्या तर आपणच कचरा केला असं होतं. वहीत शेवटच्या दिवसाची पातळी, शेवटचा आकडा आणि पुढच्या वर्षी कुठे बांबू टाकून मोजायचं आहे ते लिहा, आणि वही अशा माणसाकडे ठेवा ज्याच्या घरात पुराचं पाणी येत नाही.